गुडघ्यांना जागा

मॅबरी, टेक्सस
६ मार्च १९६४

चि. रॉयस यास,
अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

गाणाऱ्याच्या तोंडात शब्द असताना आपण वाजायचं नाही, असं बाबा म्हणायचे. जेवताना मी मध्ये बोलले तरी हेच वाक्य. आज कपडे वाळत घालताना ते आठवलं, कारण सकाळी क्लीट हॅगन येऊन गेला. त्याच्या बँडमध्ये स्टील गिटार वाजवणारा म्हातारा होलिस कोठाराच्या छपरावरून पडला आणि खांदा निखळवून बसला. एकवीस तारखेला नाचघरात वसंतातला मोठा नाच. क्लीट म्हणाला, फिडलवर लोक नाचतात गं, पण स्टील रडल्याशिवाय एकमेकांना जवळ घेत नाहीत. तुझ्या बाबांचं स्टील तू वाजवतेस हे सगळ्या गल्लीला माहीत आहे, तर येशील का?

मी हो म्हणून बसले. इतकी वर्षं मागच्या खोलीतल्या भिंतीला ऐकवलं, रॉयस. एकदा तरी माणसांना ऐकवायचं आहे.

अडचण मात्र हसण्यासारखी आहे. गेल्या नाताळात तू त्या टेबलासारख्या स्टीलला खालून, सूर वाकवायला गुडघ्यांनी ढकलायचे दांडे बसवून दिलेस ना? घरी मी ओडेलची जुनी विजार चढवून बसते. स्कर्ट घालून बसलं की गुडघा बाजूला जातच नाही, कापड आवळतं आणि सूर अर्ध्या वाटेत लटकतो. विजार घालून जाते म्हटलं, तर आई म्हणाली, सगळ्या गावासमोर नवऱ्याची विजार घालून बसलीस तर मी नाचघराची पायरी चढणार नाही. ओडेल बिचारा म्हणतो, मी घालतो तेव्हा या विजारीकडे कोणी ढुंकून पाहत नाही.

आईला दुखवून वाजवायचं नाही आणि न वाजवताही राहवत नाही. थट्टा कर, पण उपाय आधी सांग. तिकडच्या गडबडीत आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
व्हर्लीनताई


नॅशव्हिल
१० मार्च १९६४

ती. व्हर्लीनताईस,
सा. न. वि. वि.

पत्र बँडच्या बसमध्ये मोठ्यानं वाचलं, ही चूक झाली. आता सगळा बँड मला रोज ओडेलभावोजींच्या विजारीची खुशाली विचारतो.

उपाय सोपा आहे. स्टीलच्या पुढच्या बाजूनं जमिनीपर्यंत टेबलक्लॉथ सोड आणि आत खुशाल विजार घाल. लोकांना हात दिसतील, पाय नाही. आई काय बोलणार?

पहिल्या गाण्यात फार कसरती करू नकोस. ओळ संपली की गाणारा श्वास घेतो, तेवढंच आपलं स्टीलवाल्यांचं अंगण. पोलादी दांडी तारांवर हलकी ठेव. घाबरलं की हात दाबतो आणि सूर चढतो. मी पहिल्या कार्यक्रमात घाबरून तार इतक्या जोरात छेडली की अंगठ्याची नखी उडाली ती थेट गायकाच्या टोपीवर जाऊन बसली. त्याला अजून सांगितलेलं नाही.

मे महिन्यात आमचा कार्यक्रम टेक्ससमध्येच, वेकोला आहे. सगळ्यांनी या. थोरल्या बहिणीनं धाकट्यावर रागवावं, पण जपून.

तुझा,
रॉयस


मॅबरी
१६ मार्च १९६४

चि. रॉयस यास,
आईचे अनेक आशीर्वाद.

टेबलक्लॉथची अक्कल तुझी, हे तुझ्या बहिणीनं सांगायच्या आधीच मी ओळखलं. बाबा रे, मोडक्या पायाचं टेबल झाकायला टेबलक्लॉथ घालतात. माझी मुलगी मोडकी आहे का? मी विजारीला नाही म्हटलं होतं, मुलीला नाही. तुझे वडील वाजवायचे तेव्हा मी दाराशी लोकांचे कोट सांभाळत उभी असायचे. पुढे बसून असं कधी ऐकलंच नाही. आता ऐकायची वेळ आली, तर पोरीला पडद्याआड बसवू?

तपकिरी गॅबर्डिनचं जाड कापड आणलं. तिला स्टीलपुढे बसवून, गुडघे दोन्हीकडे न्यायला लावून मापं घेतली. उभी राहिली की स्कर्ट, बसली की दोन पायांना दोन वाटा. फार चुळबुळ करत होती. म्हटलं, हलू नकोस, टाचणी लागली तर भलताच सूर निघेल.

भाकरतुकडा वेळेवर खात जा. बसमध्ये पत्रं वाचायची असतील तर हेही वाच, म्हणजे तुझ्या अकलेचं कौतुक सगळ्यांना कळेल.

तुझी,
आई


मॅबरी
२३ मार्च १९६४

चि. रॉयस यास,
अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

वाजवलं रे!

पहिल्या गाण्यात क्लीट गात होता, त्याच्या शब्दांवर आपला सूर पडू नये म्हणून त्याच्या ओठांकडे बघत राहिले, आणि बघता बघता वाजवायचंच राहिलं. दोन ओळी गेल्या. तो मान वळवून पुटपुटला, बाई, तुला ऐकायला बोलावलंय की ऐकवायला? मग मी पायानं पेडल दाबलं, गुडघा बाजूला नेला, आणि काहीच अडलं नाही. सूर वाकला, वर गेला, थोडा रेंगाळला आणि आपल्या जागी येऊन बसला. मला वाटलं, हे मीच केलं का?

वैरणीच्या दुकानाचा विल्बर्न बायको गेल्यापासून प्रत्येक नाचात भिंतीला टेकून उभा असतो. त्यानं टोपी खुर्चीवर ठेवली आणि शाळेच्या हॅटीबाईंना नाचायला विचारलं. होलिस हात गळ्यात बांधून पुढे बसला होता. म्हणाला, चुकलीस, पण गोड चुकलीस. मला लवकर बरं व्हावं लागणार. आई त्याच्या शेजारीच, अगदी पहिल्या रांगेत. दोन बायकांनी तिला तसलाच स्कर्ट शिवून मागितला. तिनं सांगितलं, आधी वाद्य शिका, मग मापं द्या.

होलिसचा खांदा एप्रिलमध्ये बरा होईल. तो बरा व्हावा अशी रोज प्रार्थना करते, आणि प्रार्थना झाली की जीव कसनुसा होतो. मला परत त्या भिंतीपुढे बसायचं नाही.

आता जे लिहिते ते कोणाला वाचून दाखवू नकोस. तुझ्या स्टीलची पेडलं बाबांच्या पेडलांच्या उलट क्रमानं आहेत, हे मला ठाऊक आहे. मला तिथे बसायचं तर तुला खाली वाकून पेडलांच्या सगळ्या सळया काढून बदलाव्या लागतील, आणि कार्यक्रमाच्या दिवशी असं कोणताच स्टीलवाला सख्ख्या आईसाठीही करत नाही. तुझ्या गायकाला तू हवा असतोस, तुझी बहीण नाही, हेही कळतं. तू नाहीच म्हणशील आणि मी रुसणार नाही. आपला लोभ या मागणीनंतरही उरावा, एवढं आधीच मागून ठेवते.

वेकोला एका गाण्यापुरती तुझी खुर्ची मला देशील का?

तुझी,
व्हर्लीनताई