आमा काय म्हणाली

३ जानेवारी १९९४
नवी वही. संकल्प: (१) कमी बोलणे. (२) खिंगला बँकेत चिकटवणे. एक नाही जमला तर दोनवर लक्ष.

खिंगला, म्हणजे माझ्या लेकीला, बँकॉकच्या एका बँकेतून पत्र आलंय. एसी ऑफिस, युनिफॉर्म, रविवारी सुट्टी. ३१ तारखेच्या आत होकार कळवायचा. आणि बाईसाहेब म्हणतात, मला आमाची गाडी चालवायचीय. आमा म्हणजे माझी आई. गाडी म्हणजे देवळासमोरची हातगाडी, तिच्यावर आमा लसणीच्या पातीच्या वड्या तळते. त्या वासापायी शाळेत माझ्या शेजारी कोणी बसत नसे. मी विसरलेली नाही.

काळजीचं कारण नाही. आमाला थाई येत नाही, खिंगला आमाची तेओच्यू, म्हणजे तिची चिनी बोली, येत नाही. मध्ये मी. माझ्यापुढे दोघींची डाळ शिजायची नाही.

५ जानेवारी
या कामात मी मुरलेली आहे. आमा चीनहून बोटीने आली ती एकोणिसाव्या वर्षी. थाईत तिला आकडे आणि 'तिखट घालू का' एवढंच येतं. मी आठ वर्षांची असल्यापासून कचेरीत, दवाखान्यात तिच्या वतीने मीच बोलते. एकदा साहेबांनी तिला विचारलं, इथे का राहायचंय. आमा दोन शब्द बोलली, मी पाच मिनिटं बोलले. शिक्का मिळाला. भाषांतर म्हणजे शब्दाला शब्द नव्हे. थोडं तिखटमीठ आपलं.

८ जानेवारी
योजना सुरू. खिंगने जेवताना विचारलं, आमा मला शिकवेल का. मी आमाला सांगितलं, पोरगी म्हणते वड्यांचा वास डोक्यात जातो. आमा बराच वेळ चावत राहिली, मग म्हणाली, उद्या पहाटे पाठव तिला. मी खिंगला सांगितलं, आमा म्हणते तुझ्या हाताला चव नाही, बँकेतच जा. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. अपमान गिळताना माणूस हसतं, असं मासिकात वाचलंय.

९ जानेवारी, पहाटे साडेचार
खिंग पीठ मळतेय. रागाने मळत असणार. उत्तम.

१४ जानेवारी
रोज मळतेय. राग फारच टिकाऊ निघाला.

आज नवा डाव. खिंगला सांगितलं, आमा म्हणते गाडीवाल्या मुलीशी लग्न कोण करणार. खिंग म्हणाली, मग आमाशी आजोबांनी कसं केलं, विचार ना. हे कशाला विचारायचं? मी आमाला सांगितलं, खिंग तुझ्या गुडघ्यांची चौकशी करतेय. आमा ठसका लागेपर्यंत हसली. गुडघ्यांत हसण्यासारखं काय आहे? वय झालं बिचारीचं.

२१ जानेवारी
वजन दोन किलो वाढलं. चुकलेल्या वड्या घरी येतात, टाकवत नाहीत. आजच्या चुकलेल्या नव्हत्या. तरी खाल्ल्या, तपासणी म्हणून. सात.

२६ जानेवारी
विजय दिसू लागला. बँकेसाठी काळे, टाचेचे बूट आणले. खिंगने घालून दाखवले. आमा तिच्या पायांकडे बघून काहीतरी म्हणाली. जुना कुठलातरी शब्द, मला कळला नाही. मी सांगितलं, आमा म्हणते शोभतात. खिंग म्हणाली, अस्सं?

३० जानेवारी, सकाळी आठ
होकाराचं पत्र मीच लिहून ठेवलं होतं. फक्त सही हवी होती, म्हणून गाडीवर गेले. एक नवा पोलीस आमाला गाडी हलव म्हणत होता. आमा त्याला म्हणाली, तुझा बाप याच गाडीवरच्या वड्या खाऊन वाढला, आणि तू मला रस्ता शिकवतोस होय रे? पोलीस ओशाळून दोन वड्या खाऊन गेला.

हे सगळं थाईत. माझ्यापेक्षा चांगल्या थाईत.

मग खिंग तिला म्हणाली, तेल तापलंय. हे तेओच्यूत. उच्चार दिव्य, पण तेओच्यूच. मग दोघींनी मला पाहिलं.

त्याच दिवशी, दुपार
आमाला विचारलं, थाई कधीपासून येते. ती म्हणाली, तू पोटात होतीस तेव्हापासून. मग कचेरीत मला का बोलायला लावलंस? म्हणाली, शाळेतून मान खाली घालून यायचीस. त्या साहेबासमोर तेवढी ताठ उभी राहायचीस. मग मी कशाला तोंड उघडू?

डोळ्यात तेल उडालं. नाही, तेल नव्हतं. रडले. गिऱ्हाइकांसमोर, चांगली पाच मिनिटं.

३१ जानेवारी
खिंगने बँकेला नकार पाठवला. मी थांबवलं नाही. टाचेचे बूट मला होतात, एक नंबर लहान आहेत एवढंच.

पहाटे मीही गाडीवर गेले. पात चिरायला बसवलं. माझं चिरणं बघून आमा जुन्या तेओच्यूत काहीतरी पुटपुटली. मला कळलं नाही. खिंगला विचारलं. खिंग म्हणाली, आमा म्हणते, आमची वन्नी (म्हणजे मी) लहानपणापासून हुशार, ती आली म्हणजे गाडीला बरकत आली, अशी एकसारखी पात उभ्या बाजारात कोणी चिरत नाही.

फार गोड भाषांतर करते पोरगी.

आमा दोनच शब्द बोलली होती.