पाटीवरचा मोठा शब्द

३ जुलै, धाराशिव
आजचा शब्द – ॲफिलिएट! कॉलेजच्या पाटीवर हाच सगळ्यात मोठा, आणि वर्षभर त्याच्याखालून जाऊन मी कधी अर्थ पाहिला नाही. डिक्शनरीत दिलंय, संलग्न करून घेणे. सोनाली मॅडम म्हणाल्या, "मूळ अर्थ दत्तक घेणं. मोठ्यानं घ्यायचं असतं. लहानानं नुसतं म्हणून भागत नाही."

म्हणजे आमचं नर्सिंग कॉलेज विद्यापीठाचं दत्तक लेकरू. "मग आम्ही नातवंडं!" मी म्हटलं. वर्ग हसला.

११ जुलै
परीक्षेला बसता येणार नाही. कुणालाच! विद्यापीठानं आमच्या कॉलेजला कधी संलग्न करून घेतलंच नव्हतं. चेअरमन बंडप्पा सर म्हणतात, "पोरीनो, परक्रिया चालू हाय." खोटारडा! आमच्या गल्लीतल्या एकूण एक म्हाताऱ्यांचं बीपी तपासून हात बसवला मी. मला नर्स व्हायचंय. आता काय होऊ?

१२ जुलै
अप्पांना फोन केला. मला वाटलं, आरडाओरडा करतील. दुधात पाणी लागलं तर गवळ्याच्या दारात जाऊन भांडणारा बाप माझा! पण म्हणाले, "आसू दे. ये घरला." किती धीर दिला मला. फोन ठेवून रडले.

१४ जुलै, लोहारा
अप्पांना म्हटलं, सगळ्या मुली तक्रार करणार आहेत, तुम्ही सोबत चला. "रविवारी पाव्हणं येणारेत तुला बघायला. ते होऊ दे आधी."

पाहुण्यांना काय सांगायचं?

"नर्सिंगला हाय म्हणायचं. तेवढं पुरं."

१५ जुलै
भांडी घासता घासता अव्वा, माझी आई, बोलून गेली. "तुज्या अप्पास्नी आधीपासनं ठावं व्हतं गं. बंडप्पा त्यांचा दोस्तच की. लगीन जमस्तोवर पोर शिकतीया म्हणायला बरं पडतं..."

हातातली परात तशीच खाली ठेवली. बंडप्पा परका, त्यानं फसवलं तर फसवलं. पण अप्पांनी? प्रवेशाच्या दिवशी सगळ्या गल्लीला पेढे वाटले होते त्यांनी! घरात मी एकटीच खरं समजून शिकत होते.

२० जुलै
पाहुणे आले. पोह्यांच्या बशा दिल्या. मुलाच्या वडिलांनी विचारलं, "काय शिकतीस, बाळ?"

"काही नाही. कॉलेज खोटं आहे. अप्पांना पहिल्यापासून माहीत होतं."