पट्टीला हात लावायचा नाही

३ जून

चि. ठमाबाईस, मामाचे पडल्या पडल्या आशीर्वाद.

भिंतीवरचं घड्याळ लावताना मी स्टुलावरून पडलो, नडगी मोडली, इथवर तुला ठाऊक आहेच. पुढची बातमी अशी, की ऑपरेशनच्या जखमेत जंतू शिरलेत आणि ते कुठल्याच औषधाला भीक घालत नाहीत. जंतू मजेत आहेत, मी खंगलोय. डॉक्टरीणबाई म्हणतात की असंच चाललं तर गुडघ्याखालून पाय कापावा लागेल. मी त्यांना विचारलं की आम्ही घड्याळवाले काढलेला भाग परत बसवतो, तुमच्यात तशी पद्धत आहे का. त्या हसल्या नाहीत.

तुमच्या प्रयोगशाळेतलं चांदीचं मलम आता माझ्यावर लावणार म्हणे. खरंच काही होतं का त्यानं? मला भीती वाटते गं.

तुझा, सध्या तरी दोन्ही पायांचा,
मामा

६ जून

ती. मामास, सा. न. वि. वि.

मलमात चांदीचे नॅनोकण आहेत. इतके बारीक, की तुझ्या भिंगातून जन्मभर बघितलंस तरी दिसायचे नाहीत. ते जंतूच्या सालीलाच भोकं पाडतात, त्यामुळे औषधांना सरावलेला जंतूही सहसा टिकत नाही. सहसा म्हणतेय, खात्री देत नाही. माणसांवर आत्ता कुठे वापरायला लागलोय.

अट एकच. पट्टी नर्सबाईच उघडतील. तू दुकानात आलेलं चालू घड्याळसुद्धा उघडून बघतोस, म्हणून बजावतेय: पट्टीला हात लावायचा नाही.

आई म्हणते, गप पडून राहा. आमची माया आहेच, तुझी अक्कलही असू दे.

ठमी

११ जून

मामा, आज नमस्कार-बिमस्कार काही नाही.

डॉक्टरीणबाईंचा फोन आला. नर्सबाईंची पाठ वळताच तू भिंग डोळ्याला लावलंस, चिमट्यानं पट्टी उचकटलीस, आणि वर तोंड करून सांगितलंस की चांदी चालतेय का ते बघत होतो. धन्य आहेस! जखम भरायला लागली होती, आता कडेला पुन्हा पू झालाय. बाई शेवटची एकदा मलमपट्टी करणार. नाही जमलं तर पाय जाणार.

मी लॅबच्या बाथरूममध्ये जाऊन रडले. तुला कळावं म्हणून लिहिलंय.

रागावलेली, तरी तुझीच,
ठमी

१३ जून

चि. ठमाबाईस, कान धरून आशीर्वाद.

चुकलो. बंद दिसलं की उघडायचं, हीच आयुष्यभराची खोड. सोबत भिंग आणि चिमटा पाठवतोय. भिंगाशिवाय मला स्वतःचा अंगठाही धड दिसत नाही. तरी हात शिवशिवतातच. मग ते पांघरुणाखाली दाबून धरतो. मी पट्टीकडे हात नेला की ओरडायचं, असं शेजारच्या खाटेवरच्या मास्तरांना सांगून ठेवलंय, पण ते घोरतातच जास्त.

पाय राहिला तर भिंग परत पाठव. गेला तरी पाठव म्हणा, आमचं काम बसूनच असतं.

रडू नकोस गं. राग संपला की लोभ चालू कर.

मामा

२ जुलै

ती. मामास, सा. न. वि. वि.

तपासणीत जंतू सापडले नाहीत. जखम मिटली. पाय राहिला! आईनं फोनवरच भोकाड पसरलं.

डॉक्टरीणबाई सांगत होत्या, की पट्टी काढताना तू डोळे गच्च मिटून घेतलेस आणि काही केल्या उघडेनास. बघ म्हटलं तरी मान हलवत राहिलास. मामा, जन्मात पहिल्यांदा तू काहीतरी उघडं असून बघितलं नाहीस.

सोबत भिंग आहे. लाव डोळ्याला आणि पोटभर बघ. तुझाच पाय आहे.

ठमी