कॅमेऱ्याच्या तोंडातली रिंग

बाबा,

काल तुमचा कॅमेरा ठाण्याला दुरुस्तीवाल्याकडे नेला. तो काम करत होता तेवढा वेळ मी त्याच्या डोक्यावर उभी. खुर्ची दिली तरी बसले नाही. शेवटी तो वैतागून म्हणाला, "ताई, पार्ट बदलत नाही हो मी." तुमचीच मुलगी. तुम्ही मिक्सर दुरुस्तीला देतानासुद्धा आत आईच्या नेलपॉलिशचा ठिपका द्यायचात.

डोंबिवलीच्या स्टुडिओत तेव्हा तुमचा हा कॅमेरा नवा, खटक्याचा. लेन्स जरा फिरवली की खट्कन बसायची. तुमचे भागीदार, म्हणजे काका, यांच्याकडे त्याच कंपनीचा जुना. त्याची लेन्स बाटलीच्या झाकणासारखी आट्यांवर फिरवत बसवायची. बाहेरून दोन्ही जवळजवळ सारखे, फरक फक्त तोंडाशी. एकाची लेन्स दुसऱ्याला लागत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत. मग काका एका लग्नाला तुमचा कॅमेरा घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी परत घेऊन आले. तुम्ही काउंटरवर तुमची लेन्स लावताय, ती बसत नाही. आत डोकावता, तर आटे. "बदललास ना?" तुम्ही विचारता. आपला नवा ठेवून घेऊन याने जुना आणून दिला, हे तुमच्या मनात पक्कं झालंय. काका म्हणतात, "अरे, माझी लेन्स लावायला रिंग बसवलेली, ती आत राहिलीये. दे, काढतो." पण तुम्ही कॅमेरा त्यांच्या हातात देत नाही, न जाणो, आणखी काही हातचलाखी केली तर. मग मला बोलावून खालचा ओरखडा दाखवता आणि विचारता, हा आपल्या कॅमेऱ्यावर होता का. होता. आदल्याच आठवड्यात माझ्या हातून कॅमेरा काउंटरच्या कडेला घासला होता. मार बसेल म्हणून मी नाही म्हणाले. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते निघून गेले. ते पुन्हा कधी स्टुडिओत आले नाहीत. कॅमेरा तुम्ही कपाटात टाकलात. दुसऱ्या कुणाला दाखवायचा प्रश्नच नव्हता, दुरुस्तीवाले सगळे चोर.

काल त्या माणसाने बारीक स्क्रूड्रायव्हरने आतली पट्टी दाबली, रिंग फिरवली आणि ती बाहेर आली. तान्ह्या बाळाच्या बांगडीएवढी. तुमची लेन्स खट्कन बसली. खरं सांगते, आधी मला वाटलं, यानेच काहीतरी केलं. मग तुमचाच संशय आला. इतक्या वर्षांत तुम्ही एकदाही कपाट उघडून तो नीट पाहिला नसेल? कळलं असेल आणि माफी मागावी लागेल म्हणून गप्प बसला असाल. हे खरं असेल तर मला तुमचा फार राग येतो.

परतताना ठाकुर्लीला काकांकडे गेले. आता फार थकलेत. रिंग त्यांच्या तळहातावर ठेवली, तर अंगठ्याने चाचपत राहिले.

"त्याला कळलं होतं का गं?"

मी हो म्हणाले. तुम्हीच शेवटच्या आजारपणात ती काढलीत, काकांना नेऊन दे म्हणालात, असंही जोडलं. मग तो गेल्यावर इतकी वर्षं का आणली नाहीस, हे त्यांनी विचारलं नाही. तुम्ही नक्की विचारलं असतंत. ते नुसते रडले, आणि मला चहा घेतल्याशिवाय उठू देईनात.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही म्हणूनच लिहितेय. त्या दिवशी मी खोटं बोलले, हे काकांना सांगायला गेले होते. चहा घेतला आणि न सांगताच परत आले.