शिक्का आहे ना, मग झालं

मर्थर, ३ मार्च २०१९

ती. इडवलदादास,
सा. न. वि. वि. नमस्कार सवयीने लिहिला, मनातून आला नाही. फोनवर तोंडाला ताबा राहिला नसता, म्हणून कागद घेतला.

कर खात्याचं पत्र आलंय. टॉरलन कंपनीने कर चुकवायला दोन वर्षं माझा निम्मा पगार 'कर्ज' म्हणून दाखवला. त्यावरचा कर आता मी भरायचा. तो शब्द मी पहिल्याच पगारपत्रकावर पाहिला होता आणि तुला विचारलंही होतं. एजन्सीच्या नर्सचा पगार मधल्या कंपनीकडूनच येतो, टॉरलनवर अशा कंपन्यांच्या संघटनेचा शिक्का आहे ना, मग झालं, असं म्हणाला होतास. वर मला भित्री ठरवलंस. ऑपरेशनला प्रत्येक चिमटा मी दोनदा मोजते, दादा. स्वतःच्या पगाराचा कागद मात्र तुझ्या शब्दावर बाजूला ठेवला. घर घेणं आता राहिलं. नवऱ्याला, ह्यूला, अजून सांगायचंय.

उत्तरात 'काळजी करू नकोस' लिहू नकोस.
नेरिस

कार्डिफ, ९ मार्च

चि. नेरिसला,
अ. उ. आ. घेतेस का ते तू ठरव.

काळजी कर. माझ्याही नावाने पत्र आलंय. संघटनेच्या कचेरीत जाऊन भांडून आलो. तिथल्या बाईंनी यादी दाखवली. शिक्का 'टॉरलन पेरोल'ला आहे. आपला पगार यायचा 'टॉरलन सर्व्हिसेस'कडून, आणि तिला कोणी कधी तपासलंच नाही. मग दुसऱ्याचा शिक्का मिरवू कसा देता, म्हणून मी टेबलावर हात आपटला. बाईंनी शांतपणे विचारलं, यादी सगळ्यांना खुली आहे, तुम्ही नाव ताडून पाहिलं होतंत का. नव्हतं. इतका संताप मला कधी आला नव्हता, आणि त्यातला निम्मा माझ्यावरच होता.

आणखी एक. ओळखीचं माणूस आणून दिलं की टॉरलनवाले दुकानाचं कूपन द्यायचे. मी बारा नावं दिली. पहिलं तुझं.

मनात जागा उरली असेल तेवढीच माया ठेव.
इडवल

मर्थर, १४ मार्च

ती. दादास,
सा. न.

कूपनांचं मला वॉर्डातल्या एल्यूनेडने आधीच सांगितलं होतं. तिचं नावही तूच दिलेलंस. तू आपणहून लिहितोस का, एवढंच बघत होते. लिहिलं नसतंस, तर हे पत्र गेलं नसतं. राग तसूभरही उतरलेला नाही. माझ्या कूपनावर काय आणलंस ते सांगू नकोस. तुझ्या घरी आले तर मला ती वस्तू ओळखायची नाही.

ह्यूला सांगितलं. तो तुझ्याशी बोलणार नाही.

मंगळवारी सहाला कामगार हॉलमध्ये बाकीचे अकराही येतायत. सगळ्यांनी मिळून दाद मागावी, असं वकील म्हणतो. पण आधी कुणीतरी उभं राहून कूपनांसकट सगळं सांगायला हवं. ते तू सांगायचंस. मी पहिल्या रांगेत बसेन. अडखळलास तर मदत करणार नाही. पण तुझं बोलून होईपर्यंत कुणाला उठूनही जाऊ देणार नाही.

लोभाचं त्यानंतर पाहू.
नेरिस