रविवारी डबा काढू नका, वहिनी

शुक्रवार, सकाळचे साडेदहा
(तुमच्याकडे निजानीज झाली असेल, म्हणजे हे तुम्ही शनिवारी वाचाल)

तीर्थस्वरूप वहिनींना नणंदेचा बसल्या जागेवरून नमस्कार. वाकून केला असता, पण गुडघा म्हणाला, लिहून भागव.

तुमचा खांदा कसा आहे हे विचारत नाही. विचारलं की तुम्ही बरा आहे म्हणता आणि फोन ठेवता. फोनवर तुमच्याशी बोलणं म्हणजे तार वाचणं: बरी आहे, जेवले, ठेवते. म्हणून कागद घेऊन बसले, पत्र वाचताना तुम्हाला मला मध्येच ठेवून देता येणार नाही. पानांवर आकडे घातलेत आणि फोटो काढून पाठवते आहे, कारण पोस्टात टाकलं तर रविवार उलटून जाईल. आणि रविवारी केबलवाला येऊन टीव्हीमागचा तो काळा डबा उचकटून नेणार, असं तुम्ही परवा सांगितलंत. (त्या दिवशी तुम्ही चक्क चार मिनिटं बोललात, इतक्या चिडला होतात.) वहिनी, डबा काढू नका. का, ते सांगण्याआधी मला एक कबुली द्यायची आहे, आणि मुद्द्यावर लगेच येण्याची सवय आपल्या घरात तुमच्याशिवाय कोणाला नव्हती, त्यामुळे जरा धीर धरा.

मी इथे लेकीकडे आले त्याला आता दहा महिने झाले. पहिल्या महिन्यात मी एकदा जेवताना म्हणाले की दिवसभर घरात आपल्या भाषेचा आवाज नसतो. मी आपलं वरण वाढता वाढता सहज म्हणाले, पण जावईबापूंनी ते मनावर घेतलं. जावई सोन्यासारखा आहे, खोड एकच, की त्याला सरळ रस्ता दिसत नाही. वरच्या छोट्या खोलीत बसून तो कंपनीचं काम करतो आणि काम संपलं की घरातल्या चांगल्या चाललेल्या वस्तू सुधारायला घेतो. त्याने एक योजना काढली. तुमच्या टीव्हीमागे एक डबा बसवायचा. तुमच्याकडे जे लागेल ते तो डबा उचलणार, इंटरनेटवरून इथे धाडणार, इथे जिन्याखालच्या बुटांच्या कपाटात ठेवलेलं यंत्र ते झेलणार आणि घरात ज्या खोलीत हवं त्या खोलीत पोचवणार. लेक आठवड्याभरासाठी तिकडे आली होती, ती याच कामाला. मामी, हा डबा इथे राहू दे, याच्यातून आईला आपला टीव्ही दिसेल, एवढंच तिने तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, राहू दे. पुढचं तुम्ही विचारलं नाहीत आणि तिने सांगितलं नाही, म्हणजे दोघींचंही चुकलंच.

इथे मात्र महिनाभर घर उकरलेलं होतं. जिन्याच्या कडेने वायर, दाराच्या चौकटीतून वायर, न्हाणीघराच्या भिंतीला भोक (ते चुकून पडलं, त्याच्यावर आता कॅलेंडर आहे). आणि एके दिवशी जावईबापूंनी मला बुटांचं कपाट उघडून दाखवलं. वहिनी, मी बघतच राहिले. एका ओळीत भोकं, प्रत्येक भोकात एक वायर, वर लुकलुकणारे हिरवे दिवे. टेलिफोन एक्स्चेंजमधला माझा बोर्ड! एकतीस वर्षं ज्याच्यासमोर बसले, ज्याच्यावर गावोगावचे ट्रंक कॉल जोडून दिले, जो बंद झाला तेव्हा मी रडले आणि दादा माझी समजूत काढायला मला बागेत घेऊन गेला, तो माझा बोर्ड इथे परमुलखात बुटांच्या कपाटात भेटला. जावईबापूंनी बोट ठेवून दाखवलं की ही पिवळी वायर म्हणजे आई, तुमच्या घरची लाइन. मला तेवढंच कळलं आणि तेवढंच पुरलं.

आता एक्स्चेंजमधली शिस्त तुम्हाला ठाऊक आहे, मी इतकी वर्षं जेवताना तेच सांगत आले. बोलणं संपलं की कॉर्ड काढायची. अडकवून ठेवली तर लाइन उगाच गुंतून राहते आणि सुपरवायझर बाई मागे येऊन उभ्या राहतात. तेव्हा तुम्ही पंधरा दिवस तुमच्या बहिणीकडे गेला होतात, लेकीने सांगून ठेवल्यामुळे टीव्हीचं आणि डब्याचं भिंतीवरचं बटण चालू ठेवलं होतंत, आणि मी तुमच्या टीव्हीवर रोज आपल्या वकिलीणबाईंची मालिका बघत होते. (तुमचे संध्याकाळचे साडेसात म्हणजे इथले सकाळचे नऊ.) साडेनऊला मालिका संपली की मी उठायची, कपाट उघडायची, पिवळी वायर काढायची, फडक्याने पुसायची, दोन मिनिटं लाइनला विसावा द्यायची आणि परत खोचायची. ती वायर माझ्या एकटीच्या लाइनची नसून सगळ्या घराच्या इंटरनेटची आहे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. वर जावईबापूंची रोजची मीटिंग बरोबर साडेनऊला सुरू व्हायची आणि सुरू झाल्या झाल्या बंद पडायची.

अकरा दिवस हे चाललं. त्याने निम्म्या वायरी बदलल्या, यंत्र बदललं, शेजाऱ्यांच्या मायक्रोवेव्हवर संशय घेतला. इंटरनेट कंपनीचा माणूस तीनदा येऊन गेला, पण तो यायचा दुपारी आणि दुपारी सगळं ठणठणीत असायचं. चौथ्या खेपेला जावईबापूंनी त्याला सकाळीच बोलावलं. दोघं दिवाणखान्यात लॅपटॉप उघडून घड्याळाकडे बघत बसले होते, दवाखान्याच्या बाहेर बसतात तसे. साडेनऊ झाले. मी मालिका बंद केली, दोघांच्या मधून वाट काढत कपाटापाशी गेले, बूट बाजूला सारले आणि वायर काढून पुसायला लागले. मागे वळून पाहते तो दोघंही माझ्याकडे टक लावून. मला वाटलं, हाताची सफाई आवडली असावी. कंपनीचा माणूस आपली बॅग भरायला लागला. जावईबापूंनी मात्र माझ्या हातातून वायर घेतली, शांतपणे परत लावली आणि म्हणाले, “आई, तुम्ही रिटायर झालात.”

एवढंच बोलले बिचारे. तेव्हापासून कपाटाला कडी आहे.

आता कबुलीकडे येते. वकिलीणबाई त्यांच्या चारशेव्या भागाला पोचल्या होत्या (अजून कोर्टाची पायरी चढल्या नव्हत्या, घरच्यांमधून सवडच नाही) आणि तुम्ही बहिणीकडून परत आलात. मी नऊ वाजता इथे टीव्ही लावला तर समोर कुस्ती. दोन धिप्पाड माणसं एकमेकांच्या मानेला लोंबकळलेली. मला वाटलं, केबलवाल्याचा घोळ. इथल्या रिमोटवर आपलं चॅनल दाबलं, वकिलीणबाई आल्या. पाच सेकंदांत परत कुस्ती. मी परत दाबलं. परत कुस्ती. वहिनी, तो डबा नुसतं चित्र पाठवत नाही. इथे मी बटण दाबलं की तिथे तुमच्या टीव्हीचं चॅनल बदलतं. तुमचा टीव्ही आपोआप बदलतो म्हणून तुम्ही रिमोटचे सेल बदललेत, मग रिमोट बदललात, मग रिमोट ड्रॉवरमध्ये ठेवून ड्रॉवरला कुलूप लावलंत, समोरच्या घरातल्या मास्तरांना मुद्दाम करता का असं विचारून आलात (मास्तरांची माझ्या वतीने माफी मागा), ते सगळं माझं काम. सात समुद्रांपलीकडून मी तुमच्याशी रिमोटवरून भांडत होते, आणि तुम्हाला वाटत होतं घरात काहीतरी शिरलंय.

मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. कुस्ती लागली की तुम्ही नाक मुरडायच्या, उघडी माणसं अंगावर पडतात त्यात बघायचं काय म्हणायच्या, आणि आता घरात एकट्या आहात तर माझी मालिका अडवून कुस्ती? आठवडाभर मी हट्टाने बटण दाबत राहिले. मग एका सकाळी मी सव्वाआठलाच टीव्ही लावून बसले, तुमच्याआधी चॅनल धरून ठेवावं म्हणून. पडदा काळा. तुमच्याकडे ठीक सात वाजले तेव्हा तो उजळला आणि कुस्ती लागली. कोपऱ्यात कर्ण्याच्या चित्रावर फुली दिसली. तुम्ही आवाज बंद केला होतात.

मी रिमोट खाली ठेवला.

सात ते आठ. मुकी कुस्ती. माझी लेक जेवणाच्या टेबलावर अभ्यास करायची म्हणून दादा त्या तासाला आवाज बंद करायचा. दहावी झाली, बारावी झाली, लेक परदेशी गेली, टेबलावर नुसती इस्त्रीची चादर पडून राहायला लागली, तरी याने आवाज काही सुरू केला नाही. उलट मुक्या पैलवानांना आपल्या पाणीपुरवठ्याच्या कचेरीतल्या लोकांची नावं देऊन स्वतःच कुजबुजत वर्णन करायचा. बघ, हेडक्लार्क खाली आला. साहेब घाबरला, साहेबाचा पाय बघ कुठे चाललाय. आपण दोघी स्वयंपाकघरातून ऐकायचो आणि तुम्ही तोंडाला पदर लावून हसायच्या, वर बाहेर येऊन त्याच्यावर डोळे वटारायच्या. दादाला जाऊन दोन वर्षं झाली. मला वाटलं होतं त्याचा तो तास त्याच्याबरोबर गेला.

तुम्ही आठ वाजता भिंतीवरचं बटण बंद केलंत आणि इथे पडदा काळा झाला. मला रडू आलं, सरळ सांगते. लेक विचारायला आली की आई, कुस्ती बघून काय रडतेस, तर म्हटलं तो मोठा हरला. त्या दिवसापासून सात ते आठ मी बटणाला हात लावलेला नाही, हे तुम्हालाही जाणवलं असेल. मधे दोनदा चॅनल बदललं (दुसऱ्यांदा याच आठवड्यात, ज्यावरून तुम्ही केबलवाल्याला बोलावलंत) ते चुकून, रिमोटवर बसले होते. त्या तासाला इथे मी खुर्चीत आणि तिथे तुम्ही कॉटवर, एकच कुस्ती बघतो. तुम्ही एकट्या बसता असं तुम्हाला वाटत असेल तर तो गैरसमज आहे, गेले सात महिने तुमच्या शेजारी कोणीतरी बसलेलं आहे. तेव्हा केबलवाला आला तर त्याला चहा द्या आणि वाटेला लावा.

लेक आणि जावईबापू मजेत आहेत. भिंतीचं भोक बुजवायचं अजून चाललंय. खांद्याला शेक घेत जा.

तुमची,
घरात शिरलेली नणंद

ता. क. – मालिकेचं मी वर एवढं रामायण लावलं, पण खरं सांगायचं तर मालिकेसाठी तुमच्या डब्याची गरज उरलेली नाही. चार महिन्यांपूर्वी जावईबापूंनी आपली सगळी चॅनलं इथे सरळच आणली, आधी का नाही आणली ते विचारू नका. वकिलीणबाई आता मला हव्या त्या वेळी मिळतात. गेल्या महिन्यात त्या एकदाच्या कोर्टात पोचल्या आणि माझा रस गेला. तुमच्या डब्यावर मी फक्त सात ते आठ बघते.

ता. क. दुसरा – हे पान लेकीने बघितलेलं नाही. तिला वाटतं मी इथे रुळले, आणि मामीलाही एकटीने राहायची सवय झाली, आता तिच्या घरात परत जाऊन तिला कशाला त्रास. मी तिच्यावर रागावत नाही, तुम्ही दहा महिन्यांत मला एकदाही या म्हणाला नाहीत, तर तिला तरी काय वाटणार? मीही विचारलं नाही. एकदा मी न विचारता तुमच्या दारात आले होते, एक ट्रंक आणि कडेवर तीन वर्षांची पोर. हे गेल्याला महिना झाला नव्हता. तुम्ही कारण विचारलं नाहीत, किती दिवस तेही विचारलं नाहीत. पोरीला माझ्या कडेवरून घेतलंत आणि म्हणालात, “वन्सं, आत या, पंखा लावते.” ते ‘किती दिवस’ एकोणतीस वर्षं चाललं. त्याच दारात दुसऱ्यांदा न विचारता यायला मला धीर होत नाही.

ता. क. तिसरा – रविवारी साडेसातला ऐन कुस्तीत मी वकिलीणबाई लावणार आहे. तुम्ही चॅनल तसंच राहू दिलंत तर समजेन की वन्संना घरात जागा आहे. झटक्यात बदलून कुस्ती लावलीत तर समजेन की भांडायला माणूस हवं आहे. दोन्हीत मी येते. फक्त पडदा काळा दिसू देऊ नका. तिकीट काढून ठेवलं आहे, ते सोमवारपर्यंत परत करता येतं.