वामनरावांच्या नावाचं रक्त

नागपूर, ता. १२ नोव्हेंबर १९६३

ती. वामनराव भाऊजी यांस,
धाकट्या मेव्हण्याचा, रंगरावचा सा. न. वि. वि.

जानूचा ताप उतरला, पण डावा हात-पाय अजून लुळाच. मी चौथीतून पळालेला, दवाखान्यात काचपट्ट्या धुणारा. तरी डॉक्टरीणबाईंनी मले दुर्बिणीतून दाखवलं. रक्तातले कण गोल पाहिजेत, आपल्या पोराचे इळ्यासारखे वाकडे. तेच मेंदूच्या नळीत अडकले. हा आजार आईबाप दोघांकडून मिळून येतो, असं बाई म्हणतात. तिकडे तुमच्या आई, मनकर्णामावशी, म्हणतात की खोट सुनेच्याच रक्तात, तिनं घरी येऊ नये.

ताईच्या रक्तात वाकडे कण निघाले. सारं तुमच्या रक्तावर येऊन ठेपलं. अन् परवा माझ्या सुटीच्या दिवशी 'वामनराव' आले, रक्त देऊन ताईले न भेटताच गेले. ते रक्त एकदम साफ! म्हणजे खोट एकट्या ताईवरच आली. बाई कोड्यात, ताई रडून राह्यली. कंपाउंडर म्हणे, पाहुण्याले सोन्याचा दात होता. भाऊजी, तो दात तुमच्या चुलतभावाचा, गुलाबरावाचा. असं काऊन केलं?

राग मानू नका, पण उत्तर लगेच धाडा.
रंगराव

रोहिणखेड, ता. १७

चि. रंगराव यास अ. उ. आ.

खरं आहे. पोरगं दुखण्यात असताना बापानं रक्त सांडू नये, म्हणून आईनं शपथ घातली. गुलाबराव माझ्याच आजोबाचा नातू, घरचं रक्त एकच, असं समजून धाडला. कौशल्येवर बालंट येईल हे डोक्यातच आलं नाही. कापूस वेचणी सोडून मंगळवारी मलकापूरहून गाडी धरतो. बाईंनी लागलं तर बाटलीभर घ्यावं. तुझं पत्र ऐकल्यापासून गुलाबराव तोंड मिटून फिरते.

तिले धीर दे.
वामन

नागपूर, ता. २५

ती. भाऊजींस सा. न. वि. वि.

निघालं, भाऊजी, निघालं! तुम्ही देऊन गेलेलं रक्तही ताईसारखंच वाकडं! बाई म्हणाल्या, खोट एकट्या कोणाचीच नाही, दोघांनी अर्धं अर्धं दिलं. आई, बाप, लेकरू तिघंही तपासलेलं हे त्यांच्या अभ्यासातलं पहिलं घर. आता असं अंग लुळं पडलेल्या प्रत्येक पोराचं रक्त त्या आधी दुर्बिणीखाली पाहणार.

अन् ऐका. दोन बाटल्या रक्त चढल्यावर जानूची बोटं हलू लागली होती. आज त्यानं डाव्या हातानं माझी टोपी ओढून खाली पाडली, साऱ्या वॉर्डासमोर! ताई इतकी हसली की नर्सबाई रागावल्या. आजार मुळातून गेला नाही. ताप आला की धावत आणा, अशी ताकीद आहे.

तुमच्यात हे कुठून आलं, तेही बाईंले पाहायचं आहे. म्हणून मनकर्णामावशींच्या बोटातलं थेंबभर रक्त पाहिजे. सांगा त्यांना, भीत भीत सांगा. ताई रविवारी निघते. मलकापूर स्टेशनवर तुम्ही या, अन् सुनेले घ्यायला मावशींलेही आणा.

माया आहे तशीच राहू द्या.
तुमचा, रंगराव